कोण होय तिकडे?

दिवाळीत दादा-वहिनी पुण्याहून आले तेव्हा पुतण्याच्या पाठीवर एक जाडजूड लॅपटॉप होता. कीबोर्डच्या खालून लाल-निळा उजेड येणारा, चालू केला की पिठाच्या गिरणीसारखा घुमणारा. अख्ख्या घरात बसायला त्याला एकच जागा आवडली, कापसाची खोली. दोन वेचे झाले होते, भाव पडलेला म्हणून कापूस विकला नव्हता, अर्धी खोली भरलेली. त्या ढिगात पाठ रुतवून, पाय पसरून तो बसायचा. कापसात बसलं की आधी मऊ गार वाटतं, मग अंगाखालून हळूहळू ऊब चढते, आणि तासाभरानं मानेला अशी खाज सुटते की विचारू नका. हे त्याला अजून कळायचं होतं.

पाडव्याच्या रात्री मी खोलीत डोकावलो तर स्क्रीनवर रेसिडेंट ईव्हिल ४ या गेममधलं गाव होतं. दगडी घरं, चिखलाचा रस्ता, वैरणीचा ढीग, त्याच्याजवळ कोंबड्या. ते गाव मी पंधरा-सोळा वर्षांनी पाहत होतो. चित्रं आता कितीतरी खरी झाली होती, चिखल ओला दिसत होता. पण विहीर कुठे आणि शिडी कोणत्या खिडकीला लागते ते मला न पाहता सांगता आलं असतं. मी त्याच्या शेजारी कापसात बसलो. पुतण्या मान वर न करता म्हणाला,

"काका, हे तुमच्या गावासारखंच आहे ना?"

वहिनी दारातून ओरडल्या, "असं बोलतात का रे?" मी हसलो. खरं तर राग यावा असं त्यात काही नव्हतं. पोरगं तेरा वर्षांचं, त्याला विहीर दिसली, ढोर दिसलं, त्याला आमचं गाव आठवलं. पण ‘तुमच्या’ हा शब्द मला रात्रभर कापसातल्या किड्यासारखा चावत राहिला. त्याचा बाप याच घरात जन्मला, याच खोलीत कापसावर उड्या मारून आजीच्या शिव्या खाल्लेला. आणि गेममधलं ते गाव तरी कसलं, तर जिथे पाय ठेवला की गावकरी कुऱ्हाडी घेऊन अंगावर धावतात.

आणखी एक गोष्ट झाली. मी उत्साहानं सांगितलं, "थांब, सुरुवातीला रस्त्याकडेला सापळ्यात अडकलेला कुत्रा असतो, त्याला सोडव. पुढे तो राक्षस येतो ना, तेव्हा हाच कुत्रा धावून येतो." पुतण्या म्हणाला, "तो मेलेला होता काका." मला खरं वाटेना. त्यानं मागे जाऊन दाखवलं. सापळा तोच, कुत्रा निपचित. "रीमेक आहे ना," तो म्हणाला, जणू तेवढ्यानं सगळं समजतं. २०२३ मध्ये हा गेम नव्यानं केला तेव्हा जुन्या खेळाडूंची केलेली ही चेष्टा. पुढे दुसरीकडे जिवंत कुत्रा भेटतो, हे मला नंतर कळलं. त्या रात्री मात्र मी उठून अंगणात जाऊन उभा राहिलो, एवढं वाईट वाटलं. तेहतिशीचा माणूस, स्क्रीनवरच्या कुत्र्यासाठी.

आमच्या घरात कॉम्प्युटर आला २००९ मध्ये. मी अकरावीत होतो. त्या साली कापसाचे थोडे पैसे हातात राहिले होते आणि ‘पोट्टा कॉम्प्युटर शिकला तर कुठंतरी लागन’ असं बाबांच्या मनानं घेतलं होतं. यवतमाळहून जीपच्या मागच्या सीटवर, गोधडीत गुंडाळून, बाळंतिणीसारखा जपत आणला. सतरा इंची पोटवाला मॉनिटर, पत्र्याचा सीपीयू, आणि जुन्या स्कूटरच्या बॅटरीएवढा जड यूपीएस. मॉनिटरवर आईनं क्रोशाचा रुमाल टाकला, तो कधीच निघाला नाही. गेम खेळताना वरच्या कडेला त्याची झालर लोंबायची. आभाळ दिसायच्या जागी झालर.

गेमची डीव्हीडी एका मित्रानं दिली. रेसिडेंट ईव्हिल ४. शिंजी मिकामी नावाच्या जपानी दिग्दर्शकानं केलेला, २००५ मध्ये गेमक्यूब नावाच्या गेमयंत्रावर आलेला आणि दोन वर्षांनी कॉम्प्युटरवर उतरवलेला. उतरवणाऱ्यांनी घाईत उतरवला असावा, कारण त्यात माऊस चालायचाच नाही. नेमही कीबोर्डनंच धरायचा. आणि बंदूक उगारली की पाय जमिनीला खिळायचे. चालता चालता गोळी झाडता येत नसे. समोरून दहा जण येतायत, तुम्ही उभे, लाल ठिपका थरथरतोय. पळायचं की मारायचं, एक काहीतरी ठरवा. नव्या गेममध्ये चालत चालत नेम धरता येतो. पुतण्या ते सहज करत होता. मला वाटलं, मग भीती कशी वाटते याला?

कथा थोडक्यात अशी. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांची मुलगी पळवली गेलीय, तिला शोधायला लिऑन नावाचा एजंट स्पेनमधल्या एका आडगावी येतो. गावकऱ्यांच्या अंगात एक परजीवी किडा शिरलाय, ते त्या किड्याच्या ताब्यात आहेत. बाकी सगळं म्हणजे त्या गावातून, मग गढीतून, मग बेटावरून जिवंत बाहेर पडणं.

पण आमच्याकडे खरा खलनायक लाईन होती.

दिवसाचे बारा-बारा तास लाईन नसायची, आणि जायची तेव्हा सांगून जायची नाही. प्रकरण संपेपर्यंत गेम जतन करायचा तर एकच सोय, ठराविक जागी ठेवलेला टाइपरायटर. तिथपर्यंत पोचलात तर वाचलात. लाईन गेली की यूपीएस टीं-टीं सुरू करायचा. त्याचा जीव सात-आठ मिनिटांचा. त्या सात-आठ मिनिटांत मी जसा पळालोय तसा त्या गावात कुणी पळाला नसेल. मागे आरीवाला, डोक्याला पोतं बांधलेला, त्याची आरी घरघरतेय, यूपीएस ओरडतोय, अंधाऱ्या घरात फक्त मॉनिटरचा निळा उजेड आणि आई चुलीपाशी कंदील शोधतेय. टाइपरायटरची टकटक ऐकू आली की अंगातून घाम सुटायचा. मग मॉनिटर ‘टप’ करून मिटायचा, मध्ये एक पांढरा ठिपका थोडा वेळ राहायचा. त्या ठिपक्याकडे पाहत बसायचं, बाहेर रातकिडे. ती खरी भीतीची वेळ. गेममध्ये निदान बंदूक होती.

आईला त्यातली एकच गोष्ट आवडली, लिऑनची अटॅची. त्याच्याकडे एक पेटी असते, चौकटी-चौकटींची. बंदुका, काडतुसं, औषधी झाडपाला, अंडी, सगळं त्यातच बसवायचं. बसत नसेल तर वस्तू आडवी करायची, उभी करायची. माहेरी जाताना तीन माणसांचे कपडे, पापडाचा डबा आणि आजीचं लुगडं एका पत्र्याच्या पेटीत कोंबणारी बाई ती. माझ्या मागे उभी राहून सांगायची, "ते लांब बंदूक खाली आडवी टाक ना बाप्पा, वरतं जागा होते." व्हायची जागा. त्या गेमच्या जाणकारांकडून मी आजवर जे ऐकलंय, त्यात आईइतका उपयोगी सल्ला कुणी दिलेला नाही.

बाबांनी तो गेम एकदाच पाहिला. हरभऱ्याचे दिवस होते. रात्रभर जागली करून, रानडुकरं हाकलून ते पहाटे आलेले. घोंगडी अंगावर, हातात तीन सेलची बॅटरी. मी रात्रभर खेळत बसलेला सापडलो. मला वाटलं आता कानाखाली बसते. ते खाटेवर टेकले, बॅटरीचे सेल काढून चुलीपाशी उबेला ठेवले (सेल शेकले की आणखी एक रात्र निघते, अशी त्यांची श्रद्धा), आणि म्हणाले, "दाखव, काय होय हे."

मी पहिल्यापासून दाखवलं. लिऑन एका घरात शिरतो. आत एक माणूस शेकोटीपाशी उभा. लिऑन त्याला मुलीचा फोटो दाखवतो. माणूस स्पॅनिशमध्ये काहीतरी ओरडतो आणि मग कुऱ्हाड उचलतो. मी गोळी घातली.

"काय म्हने तो?" बाबांनी विचारलं.

"मले नाही समजत, स्पॅनिश होय."

"मंग मारला कायले?"

"कुऱ्हाड घेऊन आला ना तो."

"याच्याच घरात घुसला ना हा, न विचारता."

मी पुढे गेलो. गावाच्या वेशीवर झाडाआडून दुर्बिणीनं पाहायचं असतं. मध्यभागी एक पोलीस खांबाला बांधून जाळलेला. आणि त्याच्या आजूबाजूला लोक अगदी रोजची कामं करतायत. एक जण काट्यानं वैरण उपसतोय, एक ढकलगाडी नेतोय, एक बाई बादली घेऊन चाललीय. बाबा खाटेवरून पुढे सरकले. जळणाऱ्या माणसाकडे त्यांचं लक्षच नव्हतं. "वैरण अशी उघड्यावर ठेवली हिवाळ्यात? आन् इस्तो बाजूलेच पेटवला? गंजीले लागली त गाव जाईन." मग लोकांनी मला पाहिलं आणि सगळे धावले. बाबा काही वेळ गप्प. मी पाच-सहा जण पाडल्यावर म्हणाले, "हे असे काहून करू राह्यले?"

"त्याईच्या आंगात किडा घुसला. बिमार आहेत ते."

"मंग दवाखान्यात काहून नाही नेत त्याईले?"

आणि ते आंघोळीला उठले. मला तेव्हा खूप हसू आलं होतं. कॉलेजात मी हा किस्सा कितीतरी वर्षं सांगितला, वऱ्हाडी हेल आणखी जाड करून, आणि लोक पोट धरून हसले. दवाखान्यात काहून नाही नेत.

त्या माणसाचं स्पॅनिश मला खूप नंतर कळलं. तू इथे काय करतोयस, चालता हो, असं शिवी घालून तो म्हणतो. संपूर्ण गेममधलं गावकऱ्याचं पहिलं वाक्य हे. आणि खेळणारे ज्यांना ‘गनाडो’ म्हणतात, त्या शब्दाचा अर्थ ढोरं, गुरं. किड्यानं हाकलले जाणारे म्हणून गुरं. ज्या घरी पोळ्याला बैलांच्या खांद्यांना तूप-हळद चोळतात, त्या घरात बसून मी शेकडो ‘गुरं’ मारली होती आणि मला एकदाही अडखळल्यासारखं झालं नव्हतं. त्याला कारण आहे. या गेमनं कॅमेरा नायकाच्या खांद्यामागे नेऊन ठेवला; आधीच्या भागांत तो खोलीच्या कोपऱ्यात टांगलेला असायचा. खांद्यामागून पाहिलं की तुम्हाला एकाच माणसाची पाठ दिसते आणि बाकी सगळ्यांचे अंगावर येणारे चेहरे. विहिरीपाशी उभं राहून लिऑन कसा दिसतो ते कधीच पाहता येत नाही. चामड्याचं जाकीट घातलेला, केस कपाळावर आलेला, भाषा न कळणारा एक परका पोरगा, सरळ आपल्या घरात शिरतोय.

त्या गावात फक्त एकाशी माझं बरं होतं, व्यापाऱ्याशी. काळ्या कपड्यांत, तोंड झाकलेला, कोटाच्या आत सगळी दुकानदारी. गावकरी त्याला मारत नाहीत, तो कुणाला मारत नाही. गावाची वाताहत चाललेली असताना तो कोपऱ्यात उभा राहून घेतो आणि विकतो. त्याला पाहून मला आमच्याकडे खेडा खरेदीला येणारे आठवायचे. गाडीला काटा लटकवलेला, कापसात हात घालून ‘ओला आहे’ म्हणणारे. लिऑनच्या व्यापाऱ्याचा भाव मात्र ठरलेला असतो, तो रडत नाही. सुखी माणूस.

सगळ्यात जास्त रुतलेला प्रसंग वेगळाच. त्या पहिल्या गावात सगळे अंगावर आलेले असतात, काडतुसं संपत आलेली, तुम्ही माडीवर कपाट दाराशी सरकवून उभे, खिडकीला शिडी लागलेली. आणि अचानक देवळाची घंटा वाजते, त्यांच्या चर्चची. सगळे थांबतात. हातातलं टाकतात. तुमच्याकडे पाठ फिरवून एकामागे एक चालू लागतात आणि एका घरात शिरून दार लावून घेतात. गाव रिकामं. कोंबड्या तेवढ्या. मला तिथे काटा यायचा, मारामारीत कधी आला नाही तेवढा. तुम्ही त्यांच्या लेखी काहीच नव्हता. त्यांना कुणीतरी बोलावलं, ते गेले.

आमच्याकडे घंटा नाही. आमच्याकडे ‘लाईन आलीऽऽ’ असते. शेतीची थ्री फेज लाईन पाळीनं येते, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी असली की बारा-साडेबाराला कुणीतरी रस्त्यावरून हाक देत जातं, आणि गाव उठतं. जेवलेला, न जेवलेला, ताप असलेला, सासरा मेलेला. डोक्यावरून चादर, खांद्यावर फावडं नाहीतर कुऱ्हाड, हातात बॅटरी. बोलत कुणी नाही. एकामागे एक पांदणीनं वावराकडे. लहानपणी मी खिडकीतून ती रांग पाहायचो. झोपेतले डोळे, बॅटरीच्या उजेडात लालसर. कुणी परका त्या वेळी आमच्या गावात आला असता तर त्यानं काय पाहिलं असतं, हा विचार मला त्या वयात कधी शिवला नाही. मी बाबांच्या मागून पाहत होतो ना.

परके आले ते २०१८ मध्ये. राळेगाव-पांढरकवड्याकडच्या आमच्या पट्ट्यात टी-१ वाघीण होती, अवनी. दोनेक वर्षांत तेरा माणसं गेली, ती तिच्या नावावर जमा झाली. लोकं वावरात एकेकटी जाईनात, कपाशी फुटून झाडावरच लोंबत राहिली. वाघिणीला धरायला हत्ती आणले, नेमबाज आणले, झुडपांवर परदेशी सेंट शिंपडलं. तो सेंटचा भाग तर कुठल्याही गेममध्ये शोभला असता. २ नोव्हेंबरच्या रात्री बोराटीजवळ तिला गोळी लागली. गावांत फटाके फुटले. दुसऱ्या दिवशी टीव्हीवर ते फटाके आणि काठ्या घेतलेली माणसं पुन्हा पुन्हा दाखवली. मी तेव्हा नागपुरात नोकरीला होतो. मेसमध्ये शेजारी बसलेला एक जण ताटातली पोळी मोडत म्हणाला, "काय राक्षस लोकं आहेत यार." स्क्रीनवर डोक्याला दुपट्टा बांधलेला एक म्हातारा होता, कॅमेऱ्याच्या उजेडानं डोळे बारीक केलेला. तो माझा कुणी नव्हता. पण तो तसा का पाहतोय हे मला माहीत होतं. आणि तरी मी काही बोललो नाही, कारण वाघिणीच्या दोन पिल्लांचं मलाही वाईट वाटत होतं, आणि दोन्ही गोष्टी एका दमात कशा सांगायच्या ते मला येत नव्हतं. आजही येत नाही. मी भातावर वरण घेतलं आणि जेवलो.

तर भाऊबीजेच्या रात्री लाईनची पाळी बारानंतरची होती. सोयाबीन निघालेल्या वावरात हरभरा पेरायचा, त्याआधी ओल करायची, स्प्रिंकलरचे पाईप हलवायला जायचंच होतं. पुतण्या कापसातून उठून, मान खाजवत म्हणाला, "मी पण येऊ?" वहिनी नको म्हणाल्या. दादा म्हणाला, जाऊ दे. बाबा आता रात्री जात नाहीत, कुंपणाला झटका मशीन बसवलंय आणि गुडघे गेलेत. त्यांनी आतून आपली बॅटरी आणून नातवाच्या हातात दिली. आता चार्जिंगची आहे, पण ठेवतात ती चुलीपाशीच.

पांदणीत शिरल्यावर पोरगं पार गप्प झालं. रात्री आपल्याच पावलांचा आवाज केवढा येतो हे शहरात कळत नाही. दोन्ही बाजूंनी उंच तुरी, मध्येच दवानं ओल्या मातीचा वास, लांब कुठेतरी डुकरांसाठी फोडलेला फटाका. त्यानं बॅटरी थेट समोर धरली होती, दोन्ही हातांनी, कोपर अंगाला चिकटवून, आणि थांबून थांबून चालत होता. उजेड टाकायचा तर थांबायचं, चालायचं तर उजेड खाली. मला ओळखीचं वाटलं ते. "पायाजवळ धर," मी म्हणालो, "साप समोर नसते, खाली असते."

मोटर चालू केली. पाईपमधून आधी हवा फुसफुसली, मग पाण्यानं खाकरून जोर धरला आणि तोट्या फिरायला लागल्या, चक-चक-चक. आम्ही धुऱ्यावर उभे. तेवढ्यात पलीकडच्या पऱ्हाटीत खसखस झाली. पुतण्यानं बॅटरी तिकडे फिरवली. कपाशीच्या ओळीतून एक माणूस येत होता. डोक्यावरून चादर, खांद्यावर कुऱ्हाड, चालताना एका पायानं थोडा लंगडत. पोराचा हात माझ्या मनगटाला असा आवळला की त्याची नखं मला लागली. तो माणूस थांबला, डोळ्यांवर आडवा हात धरला. उजेड आमच्याकडून त्याच्या तोंडावर होता, त्याला आम्ही दिसत नव्हतो.

"कोण होय तिकडे?" आवाज जरबेचा. "काय करू राह्यले इथं?"

मी बोलणार होतो. पण पुतण्यानंच बॅटरी खाली केली, एकदम, पायाशी. आणि घसा साफ करून म्हणाला, "मी... यांचा पुतण्या. पुण्याहून आलोय."

"मोठ्याचा पोट्टा होय का? हाव का! मंग उजेड काहून मारतं डोयात." ते पुढे आले, कुऱ्हाड धुऱ्याला टेकवली, चादरीतून छोटा थर्मास काढला. "चहा पेतं का? दूध नाही बाप्पा त्यात." झाकणात ओतलेला काळा, साखरेनं चिकट झालेला चहा पुतण्यानं दोन्ही हातांत धरला. फुंकत होता, पीत नव्हता. त्यांचं कुत्रं मागून पऱ्हाटीतून निघालं, त्याच्या बुटांचा वास घ्यायला लागलं. त्यानं झाकण माझ्या हातात दिलं, खाली बसला, आणि बॅटरीच्या उजेडात आधी त्या कुत्र्याचे चारही पाय पाहिले.